उत्तर येईपर्यंत काय करू नये

प्रार्थनेच्या उत्तराची वाट पाहणाऱ्या माणसाला सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, आणि बहुतेकांचा सल्ला एकच असतो: विश्वास ठेव, शंका घेऊ नकोस, कुरकुर करू नकोस. मूल होत नाही, मुलीचं लग्न जमत नाही, कॅन्सरचा रिपोर्ट पुन्हा वाईट आलाय, घरातला माणूस दारू सोडत नाही. विषय कोणताही असो, उपासना संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर हेच ऐकायला मिळतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातून वाट पाहणाऱ्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढतं. दुखण्याशी झगडायचं ते झगडायचंच, वर मनात उठणाऱ्या प्रश्नांवर पहाराही ठेवायचा. एखादी शंका निसटली तर खिडकीवर दिलेला अर्ज बाद होईल, अशी धास्ती. बायबल उघडून पाहिलं तर मात्र धोका भलतीकडेच दिसतो. वाट पाहता पाहता तिथे जी माणसं घसरली, ती शंकेने किंवा तक्रारीने फारशी घसरलेली नाहीत. उत्तर आपल्याच हाताने घडवण्याच्या घाईने घसरली आहेत. हे एकदा ध्यानात आलं की वाट पाहण्याच्या काळात कशाची भीती सोडून द्यायची आणि कशाला जपायचं, याचा हिशोबच बदलतो.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा अब्राहामाच्या गोष्टीत सापडतो, कारण तिथे एकाच माणसाने दोन्ही केलं आहे. हारान सोडलं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता, देवाने वचन दिलेला मुलगा इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. मधली २५ वर्षं वाट पाहण्यात गेली. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात तो देवाला तोंडावर ऐकवतो: वचनं झाली, पण मूल काही झालं नाही, सगळं आता घरच्या चाकराच्या हाती जायचं. ही उघड तक्रार आहे. देव रागावत नाही, त्याला बाहेर नेऊन तारे दाखवतो. आणि अब्राहामाचा विश्वास त्याचं नीतिमत्त्व म्हणून गणला गेला, हे जे विधान पुढे पौलाने रोमकरांस पत्रात आपल्या युक्तिवादाचा पाया म्हणून वापरलं, ते याच तक्रारीच्या पाठोपाठ येतं. आता पुढचाच, १६वा अध्याय घ्या. इथे तक्रार नाही, शंकेचा शब्द नाही. इथे योजना आहे. कनानात येऊन दहा वर्षं झालेली, म्हणून सारा आपली मिसरी दासी हागार नवऱ्याच्या हवाली करते. त्या काळच्या रीतीत बसणारीच ही गोष्ट. अब्राहाम ८६ वर्षांचा असताना इश्माएल जन्मतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा देवाच्या वचनाला लावलेला हातभारच वाटला असता. पण त्याची किंमत कोणी मोजली? हागारने. गरोदरपणी साराचा जाच, आणि पुढे थोडी भाकर नि पाण्याची पखाल देऊन लेकरासकट रानात रवानगी. तिला यात कोणी काही विचारलं नव्हतं.

सोन्याच्या वासराची गोष्ट याच जातीची आहे. मोशे ४० दिवस डोंगरावरून उतरला नाही आणि लोकांनी कानातली वितळवून स्वतःसाठी देव करून घेतला. शौल राजाचं प्रकरण याहून कठीण आहे, कारण त्याची बाजू पटण्यासारखी आहे. गिलगालात तो शमुवेलाने सांगितल्याप्रमाणे सात दिवस थांबला, समोर पलिष्ट्यांचं सैन्य, मागून आपली माणसं पळत सुटलेली, आणि शमुवेलाचा पत्ता नाही. मग शमुवेलाने अर्पायचा होमबली त्याने स्वतःच अर्पण केला. अर्पण आटोपतं न आटोपतं तोच शमुवेल दारात. शौलाने दिलेली कारणं आपण आजही देतो: माणसं हातची चालली होती, वेळ उरली नव्हती, काहीतरी करायलाच हवं होतं. घाईतला माणूस स्वतःला कधीच अविश्वासू वाटत नाही. तो स्वतःला व्यवहारी वाटतो, पुष्कळदा धार्मिकही.

उलट तक्रार करणाऱ्यांकडे पाहा. १३वं स्तोत्र पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारतं की हे कुठवर चालायचं. ८८वं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं; शेवटी आशेची एक ओळ जोडून द्यावी असं संग्रह करणाऱ्यांना वाटलं नाही, आणि ते मंदिराच्या उपासनेच्या पुस्तकात तसंच राहिलं. यिर्मयाने तर देवावर फसवणुकीचा आरोप केला. बेथानीत लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू दोन दिवस मुद्दाम थांबला. तो पोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. मार्था आणि मरिया दोघी वेगवेगळ्या येऊन त्याला एकच बोल लावतात, की तू इथे असतास तर आमचा भाऊ गेला नसता. त्यांना तो दटावत नाही. एकीशी बोलतो, दुसरीबरोबर रडतो. म्हणून ज्याला प्रार्थना सुचेनाशी झाली आहे, त्याने उसनी स्तुती ओठांवर आणण्याची धडपड करू नये. १३वं आणि ८८वं ही दोन स्तोत्रं मोठ्याने वाचावीत, जिथे स्वतःचा विषय येतो तिथे थांबून तो साध्या घरगुती मराठीत सांगावा, आणि राग असेल तर रागानेच सांगावा. देवाशी भांडणारा माणूस अजून देवाशी बोलतो आहे.

इथे जाणता वाचक अडवेल. जखऱ्याने देवदूतावर विश्वास ठेवला नाही म्हणून त्याची वाचा गेली, त्याचं काय? आणि रानात कुरकुर करणाऱ्या इस्राएल लोकांना तर शिक्षाच झाली. दोन्ही आक्षेप खरे आहेत, पण पूर्ण गोष्ट वाचली की ते मूळ मुद्द्याला बळच देतात. जखऱ्याची शंका वाट पाहतानाची नव्हतीच, ती उत्तर दारात आल्यानंतरची होती. आणि तरीही उत्तर मागे घेतलं गेलं नाही. योहान जन्मला, बापाची वाचाही परत आली. रानातल्या लोकांचं गणना पुस्तकाच्या १४व्या अध्यायातलं बोलणं नीट ऐकावं. ते देवाशी भांडत नव्हते, आपसांत देवाविरुद्ध बोलत होते, आणि बोलणं कुठे पोचलं? आपण दुसरा पुढारी नेमू आणि मिसरात परत जाऊ. म्हणजे पुन्हा तेच, स्वतः घडवलेलं उत्तर.

मग हात जोडून नुसतं बसून राहायचं का? हा प्रश्न या विषयातला सर्वांत व्यावहारिक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर नहेम्याच्या पुस्तकात फार बारकाईने दिलेलं आहे. यरुशलेमचा तट पडल्याची बातमी नहेम्याला शूशन राजवाड्यात किसलेव महिन्यात कळली. राजापुढे विषय निघाला तो निसान महिन्यात. मधले चार महिने उपास आणि प्रार्थना. पण राजाने काय हवंय असं विचारताच त्याने मनातल्या मनात क्षणभर प्रार्थना केली आणि लगेच मागण्या सांगितल्या: किती मुदत लागेल ती, वाटेतल्या अधिकाऱ्यांसाठी पत्रं, आणि राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याच्या नावे लाकडासाठी चिठ्ठी. ज्याला रखवालदाराचं नाव तोंडपाठ आहे, त्याने त्या चार महिन्यांत फक्त डोळे मिटले नव्हते. हिज्कीया राजाचंही तसंच. मरणाच्या दुखण्यात केलेल्या त्याच्या प्रार्थनेचं उत्तर संदेष्टा यशया राजवाड्याच्या आवाराबाहेर पडायच्या आत आलं, आयुष्याची १५ वर्षं वाढवून मिळाली, आणि तरीही यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितलाच. तेव्हा औषधाची गोळी बंद करून विश्वास सिद्ध करायचा, हा प्रकार बायबलला धरून नाही. डॉक्टरांनी दिलेली औषधं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत, नोकरीचे अर्ज, व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता, मूल दत्तक घेण्याची चौकशी, हे सगळं प्रार्थनेबरोबर चालावं.

पण मग नहेम्याचा प्रयत्न आणि साराची योजना यांत फरक काय? दोघांनीही हात हलवले. मला वाटतं फरक ओळखण्याची एक खूण आहे: आपल्या घाईचे पैसे कोण भरतो आहे, ते पाहावं. साराच्या घाईची किंमत हागारने मोजली. वासराच्या वेळी तीन हजारांच्या आसपास माणसं गेली. नहेम्याने मात्र जिवाची जोखीम स्वतः उचलली, आणि पुढे १२ वर्षं अधिकारी असताना अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, कारण तो लोकांवर भार होता. ही कसोटी रोजच्या निर्णयांना लावून पाहा. लग्न जमत नाही म्हणून मुलीला नको असलेल्या स्थळाला होकार द्यायला लावणं आणि वर ‘प्रभूने दार उघडलं’ म्हणणं, यात किंमत ती मुलगी मोजणार. आजार बरा होईल या आशेने विश्वासाचं बी म्हणून कोणा प्रचारकाला बायकोच्या बांगड्या देणं, कर्ज काढून दशांश भरणं, यात किंमत घर मोजणार. अशा गोष्टींची यादी वाट पाहण्याच्या सुरुवातीलाच, डोकं शांत असताना, घरात बसून करावी: उत्तर आलं नाही तरी आपण या या गोष्टी करणार नाही. निराशेच्या रात्री विचार सुचत नाहीत, तेव्हा ती यादी उपयोगी पडते. निर्णय घ्यायचा असेल आणि त्यासाठी मार्ग मागत असाल, तर थांबण्याची मुदतही ठरवावी. यिर्मयाकडे लोक विचारायला आले तेव्हा त्यालाही उत्तर दहा दिवसांनी मिळालं. त्याआधी त्याने अंदाजपंचे काही सांगितलं नाही.

नवसाबद्दल इथे बोलायला हवं. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात: हात, पाय, डोकं, घर, तान्हं बाळ. ज्याला जे हवं त्याने ते उचलून वाहायचं. प्रॉटेस्टंट वाचकांना हे खटकेल, आणि कॅथलिकांमध्येही नाक मुरडणारे आहेतच. पण त्या मेणाच्या पायात एक गोष्ट चांगली आहे: मागणं नेमकं आहे. गुडघा दुखतो तर पाय. ‘सर्व काही तुझ्या इच्छेप्रमाणे’ अशा सारवासारवीमागे ते लपत नाही. पुष्कळ भाविक नेमकं मागत नाहीत, कारण नकार मिळाला तर विश्वासाला धक्का बसेल ही भीती असते. गेथशेमानेत येशूने आधी स्पष्ट मागणं मांडलं आणि मग पित्याच्या इच्छेवर सोडलं. तीनदा, त्याच क्रमाने. नवसात घोटाळा होतो तो सौद्याचा, तू हे दे म्हणजे मी ते देईन. हन्नेनेही नवस केला होता, हे कोणी म्हणेल. खरं आहे. पण पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात एक बारीक तपशील आहे: प्रार्थना करून ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा म्लान राहिला नाही. मूल अजून पोटातही नव्हतं. एली याजकाला त्याआधी ती दारू प्यालेली वाटली होती, इतकं मोकळेपणाने तिने देवापुढे मन रितं केलं होतं. तिचं समाधान सौदा पटल्याचं नव्हतं, ऐकणारा ऐकतो आहे हे कळल्याचं होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्यावं. अमेरिकेतल्या मंडळाने त्यांच्या विधवांसाठीच्या शारदा सदनाला दहा वर्षं मदत कबूल केली होती. ती मुदत संपण्याच्या आत त्यांनी केडगावला जमीन घेऊन विहिरी खणल्या, फळझाडं लावली. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. पैसे आधी येऊ देत मग बघू, असं म्हणाल्या नाहीत. पण त्यांनी मागितलेलं सगळं त्यांना मिळालं, असं लिहिणं खोटं ठरेल. ज्या मुलीच्या हाती केडगावच्या ‘मुक्ती’ या संस्थेचं काम सोपवायचं होतं ती मनोरमा १९२१ साली, आईच्या आधी गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून पंधराहून अधिक वर्षं खपून केलेलं बायबलचं भाषांतर पुरं झालं, पण संपूर्ण ग्रंथ छापून बाहेर पडला तो १९२२ साली त्या गेल्यानंतर. वाट पाहण्याचा काळ त्यांनी कामाने भरला होता, म्हणून न मिळालेल्या उत्तरामुळे त्यांचं आयुष्य रिकामं झालं नाही.

आता बाहेरचा आक्षेप. मिळालं तर उत्तर ‘हो’, नाही मिळालं तर ‘नाही’, उशीर झाला तर ‘थांब’. मग प्रार्थना चुकू शकतेच कशी? हा प्रश्न टाळू नये. प्रार्थना देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून मांडली तर ती मांडणी खरोखरच लंगडी आहे. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली आणि ज्यांच्यासाठी केली नाही, त्यांच्या गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक दिसला नाही. उलट आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना खात्रीने माहीत होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्त, ५९ टक्के, तर माहीत नसलेल्यांत ५२ टक्के. तो फरक योगायोगाचाही असू शकतो. पण रुग्णाच्या उशाशी बसून ‘सगळी मंडळी तुझ्यासाठी प्रार्थना करतेय, तू बरा होणारच’ असं म्हणणाऱ्यांनी तो आकडा जरूर लक्षात ठेवावा. बरं होण्याची जबाबदारी आपण आजाऱ्यावरच टाकत असतो. ख्रिस्ती विश्वासाने प्रार्थनेला औषधाच्या मात्रेसारखं मोजण्याचा दावा मुळात केलेलाच नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा १२वा अध्याय त्याच मंडळींची दोन दुःखं शेजारी ठेवतो: हेरोदाने याकोबाला तलवारीने मारलं, पेत्र तुरुंगातून सुटला. का, हे लिहिणारा सांगत नाही. विश्वास कमी पडला म्हणावं, तर पेत्र दार ठोठावत असताना आत प्रार्थना करणाऱ्यांनी दासीला वेडी ठरवलं होतं. उत्तर दारात उभं होतं आणि मागणाऱ्यांचा विश्वास बसत नव्हता. विश्वासाचं वजन करून उत्तरं वाटली जातात, या समजुतीला एवढं एक दृश्य पुरेसं आहे.

नकाराचा अर्थ लावण्याबाबतही सबुरी हवी. मोनिकाने मुलगा ऑगस्टीन आफ्रिकेतून रोमला जाऊ नये म्हणून कार्थेजच्या बंदरावर रात्रभर प्रार्थना केली. तो तिला फसवून त्याच रात्री जहाजात बसला. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथे बिशप अँब्रोजची प्रवचनं ऐकली, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे त्या रात्रीचं मागणं नाकारलं गेलं म्हणून जन्मभराचं मागणं पुरं झालं. हा अर्थ ऑगस्टीननेच लावला आहे, पण दहापेक्षा जास्त वर्षांनंतर, आपल्या आत्मकथनात. त्या सकाळी रिकाम्या बंदरावर उभ्या असलेल्या बाईला कोणी तो समजावला असता तर तो निर्दयपणा झाला असता. ‘यात देवाची काहीतरी योजना असेल’ हे वाक्य ज्याचं दुःख आहे त्यानेच, त्याच्या वेळेने, म्हणायचं असतं. ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर त्यांचं बरं चाललं होतं. वाट पाहणाऱ्या घरी जाताना डबा न्यावा, हॉस्पिटलमध्ये एक रात्र बसण्याची पाळी घ्यावी, आणि वचन वाचून दाखवायचंच असेल तर आधी विचारावं.

शेवटचा प्रश्न बहुतेकांना असतो: किती दिवस मागायचं? बाळ आजारी होतं तोवर दावीद सात दिवस जमिनीवर पडून उपास करत होता. ते गेल्यावर त्याने अंघोळ केली आणि जेवायला मागितलं, चाकर चकित झाले. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि थांबला, कारण त्याला उत्तर मिळालं होतं, जरी ते त्याने मागितलेलं नव्हतं. घटना संपली किंवा स्पष्ट उत्तर मिळालं, तर थांबणं हाही विश्वासच. दोन्ही झालं नसेल तर लूकच्या १८व्या अध्यायातल्या विधवेसारखं पुन्हा पुन्हा जावं. ती तर न्यायाधीशाचा उंबरठा झिजवत होती, घरी बसून न्यायाची वाट पाहत नव्हती. पण रोज तेवढ्याच कळकळीने मागितलं पाहिजे, असं नाही. एकच विषय वर्षानुवर्षं घरच्या प्रार्थनेवर पसरून बसला की घरातल्या बाकीच्यांची दुखणी गप्प होतात. त्या विषयाला आठवड्याचा एक वार ठरवून द्यावा, उरलेल्या दिवशी इतरांची नावं घ्यावीत. आणि ज्याच्यासाठी मागतो आहोत तो त्याच खोलीत चटईवर बसलेला असेल, लग्न न जमलेली मुलगी असो की नोकरी नसलेला मुलगा, तर त्याचं नाव रोज रात्री सगळ्यांसमोर अडचण म्हणून घेण्याआधी त्याला एकदा बाजूला घेऊन विचारावं, की तुझ्यासाठी नेमकं काय मागू.